मेंदूला दम खाऊ द्या

मी पदवीधर झालो, पुण्यात मेंदूवरच्या संशोधनाच्या कामाला लागलो, ते नागनाथ तोडकर सरांमुळं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं.

पाटोद्यात मात्र सर वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. लग्नाच्या पंगतीत ते ताटावर हात आडवा धरतात. "थांब बे! भजं आन् जिलेबी एकदमच? मग जीव कशानं खूश झाला, कसं कळावं? मेंदूला दम खाऊ दे."

वाढपी म्हणतो, "सर, मागं पंगत खोळंबलीय. तुमच्या मेंदूला पार्सल देऊ का?"

सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर मी पाठवलेले मेंदूवरचे शोधनिबंध वाचून वाचून त्यांना हा नाद लागला.

यंदा मला स्वतःचा पहिला प्रयोग मिळाला. माणूस स्कॅनरमध्ये झोपणार, त्याला कधी ओळखीच्या, कधी परक्या आवाजात त्याचंच नाव ऐकवायचं आणि मेंदू काय करतो ते बघायचं. मशीनची वेळ मोजकीच होती. चुकलो तर दुसरी संधी नव्हती. मी हाका भराभर आणि सारख्या अंतरानं लावल्या होत्या. आराखडा दाखवायला पाटोद्याला गेलो, तर सरांनी कपाळाला हात लावला.

"हाक ऐकल्यावर मेंदूतलं रक्त सावकाश चढतंय, सावकाश उतरतंय. तू हाकेवर हाक मारल्यास सगळ्या लाटा एकात एक. कुठली कुणाची, कसं निवडणार? अंतर कमीजास्त कर. मधी कोऱ्या जागा सोड, काहीच ऐकवू नको. आन् मशीनकडं जायच्या आधी दोन्ही आराखड्यांची कार्यक्षमता काढून बघ, कुठल्यात लाटा जास्त नीट सुट्या होत्यात ते."

काढली. सरांचा आराखडा कितीतरी सरस निघाला. त्या आनंदात सर म्हणाले, "पयला माणूस मीच झोपतो तुझ्या मशीनीत!"

मी म्हणालो, "मग तुम्हाला नावानं हाक मारणाऱ्या कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड करून आणा."

सरांचे आईवडील गेले, थोरला भाऊ गेला. लग्न केलं नाही. अख्ख्या गावाला ते 'सर'च.

"ओळखीच्या हाकांच्या जागी कोरंच ठेव," ते हसून म्हणाले. "कोऱ्या जागा लागत्यातच की बे."

पुण्याला पोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं.

'आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

तुमची पाळी सगळ्यात शेवटी ठेवली आहे. पाटोद्याला आमच्या घरी असते ती माझी आत्या तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे आणि ती सरपंचालाही नावानंच हाक मारते. तिला तुमचं नाव सांगितलं. म्हणाली, "म्हंजी नागू की! लई वाळलाय त्यो. धाड जेवायला." पण तिचा आवाज आधी तुमच्या ओळखीचा व्हायला हवा. म्हणून या रविवारपासून आमच्या घरी जेवायला जात जा. तिनं दारातून हाक मारली, की तेवढी ओ द्या.'