दामूकाकांची न हलणारी गाडी

बँकेत सही करायला लोक खिशातनं पेन काढतात, आमचे दामूकाका स्क्रू-ड्रायव्हर काढतात. कॅशियर बघतच राहतो. काका तो शांतपणे खिशात ठेवतात आणि पेन त्याच्याकडेच मागतात.

साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर होऊन लोधिवलीत, आमच्या शेजारी. उंची बेताची, आवाज भोंग्याचा. गावात कुणी नट पिळायला घेतला की मागनं येणारच, "जोर नको रं, समज पायजे!" हा आवाज मी इतका हुबेहूब काढतो, की एकदा काकूंनी आतनं मलाच सांगितलं, "आले, चहा टाकते."

काकांचा पोरगा महेशदादा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. त्याची ऑटोमॅटिक गाडी अंगणात उभी. काका रोज पुसतात, पण चालवता येते कुणाला? बॅटरी कधीच मेली.

तर परवा शेजारच्या मंदामावशीच्या पोरीची हळद. तिचं आणि काकांचं अंगण एकच, आणि मांडवाचा मधला खांब बरोबर गाडीच्या बॉनेटवर येत होता.

मांडववाला घड्याळ दाखवायला लागला. "अर्ध्या तासात हलली नाय, तर मी चाललो. कर्जतला दुसरा मांडव हाय माझा."

आम्ही सहाजण रेटतोय, गाडी ढिम्म! गिअर पार्कमध्ये अडकलेला, आणि बॅटरीशिवाय दांडा सरकत नाही.

"काका, करा की कायतरी!"

"नाय हलायची ती," काका आभाळाकडं बघत म्हणाले.

आता गेल्याच महिन्यात डॉक्टरांची अशीच गाडी ह्याच माणसानं दोन मिनिटांत मोकळी केलेली!

शेवटी मंदामावशी आली. "भावजी, पोरीची हळद काय रस्त्यावर लावू?"

काका निमूट गाडीत बसले. चावी फिरवली, खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण उचकटलं. "ह्या भोकात दाबून धरायचं, ब्रेक दाबायचा, आनि दांडा न्यूट्रलला."

पण ब्रेकला पाय पोचेना! महेशदादा सहा फुटी. काका सीटवरनं घसरत घसरत इतके खाली गेले, की बाहेरनं नुसती टोपी दिसत होती. आम्ही हसून लोळायचे बाकी. मी सीट पुढं घ्यायला खाली हात घातला, तर फटकन हातावर चापट बसली.

"सीटला हात लावू नको!" मग एकदम हळू म्हणाले, "त्याच्या पायाच्या मापाची हाय रं. येईल तो बसतो, आनि पयली सीट हलवतो. म्हनून कुनाला बसू देत नाय मी."

मी हात मागं घेतला.

खाली कुठंतरी 'कट्' झालं. दांडा सरकला. काकांनी हँडब्रेक सोडला, आम्ही जरासं रेटलं आणि गाडी अलगद निघाली. आयुष्यात पहिल्यांदा दामूकाका गाडी चालवत होते, तीही झोपून. मान उंच करून बघतात तर समोर मावशीची कोंबडी! बॅटरी मेलेली, हॉर्न कुठला वाजणार?

"पों पों!" काका आतनं ओरडले. "पों पों! बाजूला व्हा गं, आमच्या महेशची गाडी हाय!"