लुटुपुटूतला वैशाख

एका जंगलात, बाळांनो, सिंहाला गुहा पुरत होती, हरणांना गवत पुरत होतं, पण फोटोंना जागा पुरत नव्हती.

मोर नाचला की फोटो. माकडाला आंबा मिळाला की आधी आंब्याचा फोटो, मग आंबा. राजे रोज सकाळी डरकाळी फोडत आणि तिचा व्हिडिओ प्रत्येकाने जपून ठेवायचा असा दंडक होता. हे सगळं डोंगरातल्या एका भुयारात, यंत्रांच्या पोटात साठवलेलं असे. त्या भुयाराला डेटा सेंटर म्हणत. यंत्रं सारखी घुमत आणि तापत. तापली की त्यांच्या अंगावरून ओढ्याचं पाणी खेळवायचं. यंत्रं निवत आणि ओढा आटत जाई.

त्याच ओढ्याच्या काठी द्वारकाक्का नावाची साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. हिला अंगभर काटे होते आणि जिभेवर थोडे जास्तीचे.

एका साली भुयारात यंत्रांची नवी रांग बसवली आणि खालचा डोह कोरडा पडला. मासे उताणे होऊन पडलेले द्वारकाक्काने पाहिले. तिच्या मनात आलं, यंत्रं बसवण्याआधीच हे कळायला नको का? मुली भातुकलीत लुटुपुटूचा संसार मांडतात, तसं लुटुपुटूचं डेटा सेंटर मांडता येणार नाही का?

तिने तसा प्रोग्राम लिहिला. यंत्रं किती, कुठे, पाणी कुठलं, महिना कोणता, हे त्याला सांगायचं. मग तो खोटं खोटं डेटा सेंटर वर्षभर चालवून दाखवी आणि पुढे काय होणार ते आधीच सांगे. जाणकार ह्याला सिम्युलेशन म्हणतात. अक्काने नाव ठेवलं लुटुपुटू.

आणि तिने ते उघड्यावर ठेवलं. कोणीही वापरावं, कोणीही आत डोकावावं, कोणीही दुरुस्त करावं. पहिल्या परवानगीचा लाभ सगळ्यांनी घेतला. दुसरीचा थोड्यांनी घेतला. तिसरीचा लाभ सोनबा कासवाने घेतला.

बाळांनो, प्रोग्राम लिहिणं म्हणजे लग्न आणि तो सांभाळणं म्हणजे संसार. लग्नाला सगळे येतात.

"ओ अक्का," माकड झाडावरूनच ओरडे, "तुमचं लुटुपुटू सकाळपासून बंद पडलंय. काही लाज?"

"नेमकं कुठे बंद पडलं?"

"ते मला काय माहीत? ते तुम्ही बघायचं."

मोर येऊन म्हणे, "आलेख फार रुक्ष आहेत हो. जरा निळं, जरा मोरपिशी काही टाका की."

बाजारात नवी यंत्रं येत. ती वेगळी तापत. मग अक्काने लुटुपुटूला ती शिकवायची. जुनी यंत्रं त्यातून काढून टाकली, की रानरेडा फुरफुरत दारात उभा, कारण त्याच्याकडे अजून तीच होती. मग ती पुन्हा घालायची. अक्काचे काटे उभे राहत, चार शब्द ती सुनवी आणि मग मुकाट्याने दुरुस्तीला बसे.

सोनबा कासव मात्र मागायला येत नसे. त्याने एका पावसाळ्यात एक चूक दाखवली आणि पुढच्या पावसाळ्यात तिची दुरुस्ती घेऊन आला.

"जरा उशीर झाला, अक्का," तो म्हणाला.

"झाला खरा," अक्का म्हणाली. पण दुरुस्ती बिनचूक होती. "बसा, काका. पाणी घ्या."

असं चाललं होतं. मग राजे शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेले आणि परत आले ते फुरंगटून. शेजारच्या सिंहाचं डेटा सेंटर मोठं होतं.

"आपलं त्याहून मोठं हवं," राजे म्हणाले. "नाव महामेघ."

काम मिळालं इंजिनिअर तरसे ह्यांना. हे जातीने तरस. ते कायम हसत असत. काही जण म्हणत, स्वभावच आनंदी. इतर काही जणांनी पूर्वी तरसं पाहिलेली होती.

तरसेसाहेबांनी लुटुपुटूत महामेघ मांडला. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ सगळं सुरळीत चाललं. चैत्रात डोह गेला. वैशाखात ओढा थांबला, यंत्रं करपली आणि अख्खा पडदा लालभडक झाला.

तरसे हसत हसत अक्काकडे आले.

"अक्का, तुमच्या प्रोग्रामात एक बग आहे."

अक्काचे काटे लगेच खाली बसले. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, म्हटलं की ती सगळं विसरे. "कुठे?"

"वैशाखात."

"काय होतं?"

"ओढा आटतो."

"तो बग नाही," अक्का म्हणाली. "तो वैशाख आहे."

"असेल. पण अहवालात तो बगासारखा दिसतो," तरसे म्हणाले आणि जवळ सरकून बसले. "अक्का, किती वर्षं एकट्या राबताय? राजे तुम्हाला दरबारात घ्यायला तयार आहेत. राहायला पक्कं बीळ. हाताखाली पाच-पंचवीस जण. माकडाला उत्तर द्यायलासुद्धा वेगळा नोकर. फक्त त्या वैशाखाचं तेवढं बघा."

खोटं कशाला सांगू, बाळांनो, अक्काचं मन क्षणभर डळमळलं. पक्क्या बिळाचं तिला काही नव्हतं. पण माकड ओरडतंय आणि दुसरंच कोणी त्याला उत्तर देतंय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग ती म्हणाली, "वैशाख मी घातलेला नाही, तरसेसाहेब. मग मी काढू कशी?"

"तुम्ही नका काढू," तरसे उठत म्हणाले. "तुम्ही सगळं उघड्यावरच तर ठेवलंय."

त्यांनी लुटुपुटूची एक प्रत काढली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ तिन्ही खरवडून टाकले आणि त्या जागी माघ चिकटवला. त्या प्रतीत बारा महिने गुलाबी थंडी पडू लागली. तिला नाव दिलं शाही लुटुपुटू. ह्यात बेकायदा काहीच नव्हतं. कोणीही बदल करावा, असं अक्कानेच लिहून ठेवलं होतं. दाराला कुलूप लावलं नव्हतं ते भल्यांसाठी. पण बिनकुलपाचं दार माणूस बघून उघडत नाही.

दरबार भरला. तरसेसाहेबांनी आलेख दाखवले. वरपासून खालपर्यंत हिरवेगार, कडेला मोरपिशी नक्षी. मोराला भरून आलं.

अक्का उभी राहिली. "राजे, ह्यात वैशाख नाही."

राजांनी जांभई दिली.

"वैशाख कुणाला हवाय?" त्यांनी विचारलं.

कोणी हात वर केला नाही.

"बघा. प्रजेलाही नको आहे. ठराव मंजूर."

बाहेर पडताना सोनबा कासव हळूच म्हणाला, "मी हात वर करत होतो, अक्का. पोचेपर्यंत ठराव झाला."

महामेघ उभा राहिला. मार्गशीर्षात उद्घाटन झालं. थंडीच्या दिवसांत यंत्रं झोकात चालली. राजांची डरकाळी आता सगळ्या कोनांतून दिसू लागली. माकड येता-जाता अक्काला म्हणे, "शिका जरा शाही लुटुपुटूकडून. कधी लाल होतं का ते?"

अक्का रोज खरं लुटुपुटू चालवून बघे. रोज तेच उत्तर येई. फाल्गुन सरत आला तशी तिने लाज सोडली आणि दारोदार हिंडू लागली. "डोंगराच्या पलीकडे नदी आहे. चैत्र लागायच्या आत निघा."

"अक्का, तुमचं बाई काहीतरीच," हरिणी म्हणाल्या. "ओढा आहे की समोर."

"दरबारात मान मिळाला नाही म्हणून चरफडतेय," रानरेडा म्हणाला.

सशांनी तेवढं ऐकलं. ससे कशालाही घाबरतात, तसे अक्कालाही घाबरले आणि बाडबिस्तरा घेऊन निघाले.

मग वैशाख आला. ठरावाच्या वेळी त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे ठराव त्याला ठाऊक नव्हता. डोह गेला. ओढा गेला. हरणं चिखलात तोंड खुपसून उभी राहिली. भुयारातून धूर निघू लागला. मोराचे नाच, माकडाचे आंबे, राजांच्या सगळ्या डरकाळ्या एका दुपारी जळून गेल्या.

कळप उन्हातून डोंगर चढू लागले. अक्का पुढे वाट दाखवत होती आणि सोनबा मागे राहिलेल्यांबरोबर चालत होता. जे पोचले ते पोचले. पाडसांपैकी बरीच वाटेतच राहिली. ती मागे का राहिली, ते अक्काला कोणी विचारलं नाही आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही.

पहिला पाऊस होऊन मंडळी परतली तेव्हा राजांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच तरसेसाहेब, कारण महामेघाची एवढी माहिती दुसऱ्या कुणालाच नव्हती.

"शाही लुटुपुटू उघडून बघितलं," तरसे हसत म्हणाले. "पहिल्याच ओळीत मूळ लेखिकेचं नाव आहे. द्वारका साळू."

"माझ्या लुटुपुटूत वैशाख होता!" अक्का ओरडली. सगळे काटे उभे.

"होता ना? मग तुम्ही तो काढू कसा दिलात?"

"मी तर केव्हापासून सांगतोय," माकड म्हणालं. "हिचं काही धड चालतच नाही."

निकाल लागला. द्वारका साळूने लुटुपुटूची देखभाल जन्मभर करावी, फुकट करावी आणि शाही लुटुपुटूचीही करावी. अक्काने शिक्षा नीट ऐकली. कालपर्यंतच्या दिवसांत आणि उद्यापासूनच्या दिवसांत फरक काय, ते तिला कळेना. तरसेसाहेबांना पुढचा प्रकल्प मिळाला, कारण एवढ्या मोठ्या नुकसानीचा अनुभव जंगलात फक्त त्यांच्याकडे होता.

अक्का घरी आली आणि तिने लुटुपुटू उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तक्रारींचा दारात ढीग लागला. ती ओढ्याकाठी बसून राही, काटे पाठीवर चपटे पडलेले. ओढ्यात पाणी आलं होतं, पण त्यात मासा नव्हता. सोनबा येऊन शेजारी बसे. तो काही बोलत नसे. सुरुवात करायलाच त्याला वेळ लागे.

एका सकाळी एक अनोळखी अस्वलीण धापा टाकत आली. लांबच्या, तीन डोंगरांपलीकडच्या जंगलातून.

"त्या लुटुपुटूवाल्या तुम्हीच का?"

"मीच. काय बिघडलं?"

"अहो, ते लाल आणि हिरवं आम्हाला एकसारखंच दिसतं. अस्वलांची काही सोय बघायला नको? पाय मोडले माझे इथवर येऊन."

अक्काचे काटे उभे राहू लागले होते. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं.

"तुमच्याकडे डेटा सेंटर आहे?"

"आहे की लहानसं. मोठं करायला निघालो होतो. तुमच्या त्या वैशाखात सगळं लाल झालं. म्हणजे शेजारीण म्हणाली, लाल झालंय म्हणून. मग राहिलं ते."

"आणि ओढा?"

"कुठला ओढा?"

"तुमचा."

"वाहतोय," अस्वलीण म्हणाली. "ओढाच तो, वाहणार नाही तर काय करील? ते राहू द्या. रंगांचं काय ते बोला."

"मासे आहेत का हो त्यात?" अक्काने विचारलं.

"पोटाला तेच तर खातो आम्ही!"

अक्का उठली. दारातला ढीग तिने पायाने बाजूला सारला. "बसा," ती म्हणाली आणि लुटुपुटू उघडलं. जिथे जिथे लाल होतं तिथे तिथे ती काळ्या तिरप्या रेघा मारू लागली. ते बघून सोनबा आपल्या घराकडे निघाला. त्याच्याकडे एक दुरुस्ती अर्धी पडली होती.

संध्याकाळच्या आत काम झालं. अस्वलिणीने पडद्याला नाक लावून पाहिलं आणि गुरगुरून मान हलवली. निघताना तिने आभार मानले नाहीत. रेघा जरा जाड हव्या होत्या, एवढं म्हणाली.

अक्काने रेघा जाड केल्या.

तात्पर्य : बाळांनो, ज्याला जंगलात नाव कमवायचं असेल त्याने एखादा ओढा आटवून दाखवावा. वाहत्या ओढ्याचं श्रेय ओढ्यालाच जातं.