आधी माणसाळू द्या

शिवलिंगाप्पा शेटनी जन्मात कधी नवा सदरा अंगात घातला नाही. ऐपत नव्हती असं मुळीच नाही. नळदुर्गात हैदराबादच्या सडकेवर त्यांचं कापडाचं दुकान होतं, वर भलीमोठी उर्दू पाटी. सदरा ते नवाच शिवायचे, पण आधी दुसऱ्याला घालायला द्यायचे. धुऊन धुऊन तो मऊ झाला की परत घ्यायचे. "कापड आधी माणसाळू द्यावं, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तिथल्या शाळेत मास्तर. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर. नवा सदरा फुकट मिळत असताना नको कोण म्हणणार? तेली, टपालवाला, अत्तरवाले चाचा, सगळे एकाच मापाच्या सदऱ्यात फिरायचे, आणि ते माप शेटच्या पोटाचं. माझ्यासारख्या काटकुळ्याच्या अंगावर तो सदरा वाळत घातल्यासारखा दिसायचा. शेट भर बाजारात थांबवायचे, बाही गालाला घासायचे आणि निकाल द्यायचे, "अजून माणसाळलं न्हाई. धुवा अजून." एकदा तर शाळेची तपासणी चालू असताना सरळ वर्गात शिरले, माझी बाही तपासली आणि नापसंतीनं मान हलवून निघून गेले. हे माझ्यावरचे कुणी मोठे अंमलदार असावेत, असं समजून तपासणीचे साहेब उठून उभे राहिले होते.

या सगळ्याचं कारण शेटचं इसब. मानेवर, कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागं. खळीचं कापड घासलं की खाज, आणि खाजवलं की रक्त. त्याबद्दलही शेट मोठ्या रुबाबात बोलायचे. "ये किसीकू लगता नै," हे हकीमसाहेबांचं वाक्य ते गिऱ्हाइकांना स्वतःच ऐकवायचे.

पण झोपायचे दुकानात. चोर लई झालेत म्हणायचे. कंट्रोलच्या दिवसांत त्या दुकानात चोरण्याजोगं काही असेल तर ती पाटीच.

खरी गोष्ट माझ्या बायकोकडून कळली. शेटची बायको गुरव्वा तिच्यापाशी रडली होती. घरी असले तरी माझा हात लागला की अंग चोरतात, म्हणाली. मी आवडत नसेन तर तसं सांगावं, म्हणजे माहेरी तरी जाईन. मी शेटना आडून विचारलं. एरवी तोंडावर उत्तर तयार असलेला हा माणूस गादीवरची सुरकुती सारखी करू लागला. मग म्हणाला, "बायकोनं जवळ घ्यावं असं अंग न्हाई माझं, मास्तर." मला फार वाईट वाटलं.

पुढं एका दुपारी मी सदरा परत करायला दुकानात गेलो, तर बाहेर बैलगाडी उभी. गुरव्वाचा भाऊ तिला न्यायला आला होता. एवढ्यात ती स्वतःच दुकानाची पायरी चढली. आजवर कधी चढली नव्हती. तिनं एक घडी केलेलं लुगडं गादीवर ठेवलं.

"हे माणसाळलंय का बघा."

शेटनी सवयीनं ते गालाला लावलं. डोळे मिटले. "झकास. कुणी वापरलं?"

"म्या. तुमी घरला याल म्हणून रोज रात्री जुनंच नेसले. नवं टोचंल तुमास्नी."

शेटचा चेहरा उतरला. मास्तरांपुढं काय बोलतीस, असं काहीतरी ते पुटपुटले. मास्तर तुमचाच सदरा घालून गावभर फिरल्यात, त्यांच्यापासनं काय लपवायचं, असं ती म्हणाली. मी तिथून हलायला हवं होतं, पण गाडी आत्ता निघणार की राहणार, हे कळल्याशिवाय माझा पाय निघेना.

शेटनी बाही वर सारली. ती मी कधीच वर गेलेली पाहिली नव्हती. कोपरापाशी कातडी लाल, जाड, चिरा पडलेली.

"ह्याला हात लावू वाटंल तुला?"

गुरव्वानं त्यावर तळवा ठेवला आणि ठेवूनच दिला. "व्हय," ती म्हणाली. "लई दिसांपासनं वाटतंय."

शेटनी उपरण्यानं डोळे पुसले. मग मला एवढंच म्हणाले, "पाव्हण्यास्नी म्हणावं, बैलं सोडा. जेवल्याबिगर जायचं न्हाई. आन् जाताना एकल्यानंच जायचं."

भर उन्हात दोघं घराकडं निघाले. लुगडं शेटच्या खांद्यावर होतं आणि बाही अजून वरच होती. दुकान मात्र तसंच सताड उघडं राहिलं. त्या दिवशी त्यांना चोरांची आठवणसुद्धा झाली नाही.