वाफघराला दोन खिडक्या

सकाळचा प्रकाश आमच्या गावात एकदम येत नाही. तो आधी समोरच्या डोंगराच्या कपाळावर टेकतो आणि मग पाइनच्या झाडांतून, थकलेल्या पाहुण्यासारखा बसत-उठत, खाली येतो. मक्याच्या शेतात पोचला की पानांवरचे दव क्षणभर डोळे उघडते. मग पत्र्याची छपरे, दोरीवर वाळणारे लाल लुगडे, झोपलेल्या कुत्र्याची पाठ. सर्वांत शेवटी तो आमच्या अंगणातल्या वाफघरापाशी येतो आणि उंबऱ्यावरच थांबतो. ती मातीची ठेंगणी खोली. तिला खिडकी नाही, आणि दार इतके बुटके की माणसाला रांगतच आत जावे लागते. आत दगड तापवायचे, त्यांवर पाणी शिंपडायचे, दारावर घोंगडी सोडायची आणि वाफेत अंग शेकायचे. तिथे प्रकाशाचे काही काम नसते. हे त्याला कोणी न सांगताच कळते.

दूर नेब्रास्काहून गावातली घरे दुरुस्त करून द्यायला आलेल्या चर्चच्या मंडळींना मात्र ते सांगावे लागणार होते. आणि सांगणारा होतो मी!

वाचकहो, मी स्वभावाने लाजाळू. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे कान तापतात. पण इंग्रजी! ते मी जुन्या ध्वनिफितींवरून एकट्याने शिकलो होतो, डोंगरावर मेंढ्यांसमोर मोठमोठ्याने म्हटले होते, आणि एकाही मेंढीने कधी चूक काढली नव्हती! त्यामुळे गावच्या बैठकीत मी छातीठोकपणे सांगितले, "पाहुण्यांचा शब्द मी असा आणून देईन, की वाटेत थेंब सांडणार नाही."

"थेंबाचं राहू दे," माझी मावशी म्हणाली, "घडा तरी शाबूत आण!"

मावशीला सारा गाव 'नान तिबुर्सिया' म्हणतो. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'नान' म्हणतात. ती सुईण आहे, आणि तिचा एकच मंत्र आहे: वाफ नाही, तर दूध नाही. माझी बहीण अमालिया पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा वाफघराची भिंत पावसाने ढासळलेली होती. अमालियाला दूध आले नाही; बाळ शेजारणीच्या दुधावर वाढवावे लागले. आता तिचे पुन्हा दिवस भरत आले होते, आणि नान रोज वाफघर शेकून, लिंपून, स्वतः आत बसून पारखून घेत होती.

पाहुण्यांचा म्होरक्या व्हर्लिन, कपाटाएवढा सुतार. पहिल्याच सकाळी त्याने पाहिले, की एक म्हातारी मातीच्या बिळातून रांगत, लालबुंद होऊन, धापा टाकत बाहेर येते आहे. त्याचे डोळे भरून आले. त्याने छातीवर हात ठेवून मला काहीतरी लांबलचक विचारले. त्यातून बाई, घर आणि उजेड एवढे माझ्या हाती लागले.

"नान, ते तुझ्या घराला उजेड देऊ म्हणतायत."

"दिवा देत असतील. देव त्यांचं भलं करो!"

"पण कुठलं घर, ते विचारू का?"

"पाहुणा देतोय आणि तू चौकशा करणार? आईनं हेच शिकवलं का रे तुला?"

आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणणे म्हणजे त्याच्या ताटात थुंकणे. मी म्हणालो, "येस! थँक यू!"

आम्ही सगळे चर्चच्या अंगणात त्यांच्या जेवणासाठी तमाले, म्हणजे पानांत गुंडाळून उकडायचे मक्याच्या पिठाचे मुटके, वळायला गेलो. परतलो, तर वाफघराला दोन खिडक्या! काचेच्या! निळ्या चौकटींच्या! खाली सूर्यफुले रंगवलेली, आणि पुढे पाहुणे गात उभे!

नानने हात जोडले. "फार सुंदर!" ती व्हर्लिनकडे पाहून हसली, आणि ते हसू तसेच ठेवून मला म्हणाली, "त्याला सांग, मी त्याचे कान उपटणार आहे."

"शी इज व्हेरी हॅपी!" मी सांगितले.

पण अमालियाचा चेहरा पांढरा पडला होता. ते पाहून मी सगळे धैर्य गोळा केले, वाफघराकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "बाथ!"

"बाथ!" व्हर्लिनला एकदम उलगडा झाला. संध्याकाळी त्याने खालच्या बाजारातून एक भलामोठा प्लॅस्टिकचा टब आणला. नानने आभार मानले आणि त्यात मका भिजत घातला.

मी पुन्हा प्रयत्न केला. "फायर! इनसाइड, फायर!"

व्हर्लिन गंभीर झाला. त्याने वाफघराच्या छताला एक पांढरी चकती ठोकली, धुराचा वास आला की किंचाळणारी! माझे शब्द एकेकटे पलीकडे पोचत होते. वाक्य मात्र अलीकडच्या काठावरच उभे होते. तरीही माझे मत ठाम होते: दोष इंग्रजीचा नाही, विषयच अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमालियाला मुलगी झाली. नान हात पुसत ओरडली, "चिंध्या कोंबा त्या खिडक्यांत, आणि पेटवा!"

आम्ही पेटवले. चिंध्यांमधून धूर निघाला आणि चकती किंचाळली! कुत्री रडू लागली, कोंबड्या छपरावर चढल्या, आणि नेब्रास्काचे अख्खे पथक धावत आले. व्हर्लिनने टब उचलला आणि भिजलेल्या मक्यासकट आगीवर ओतला!

"पुरे!" नान गरजली. पाहुण्याला तिने पहिल्यांदाच अडवले होते. तिने मला बाजूला ढकलले, व्हर्लिनला ओढून गुडघ्यांवर बसवले आणि त्याचा हात कोमट दगडांवर ठेवला. मग नव्या बाळाचे पाऊल त्याच्या तळहातावर टेकवले. अमालियाच्या कोरड्या छातीकडे बोट केले, वाफघराच्या बुटक्या दाराकडे केले, आणि शेवटी खिडक्यांकडे.

व्हर्लिन मानेपासून लाल होत गेला. त्याने स्वतःच्या खिडक्या स्वतः उपसल्या. मग ती सारी माणसे अनवाणी होऊन आमच्यासोबत चिखल तुडवू लागली, पाइनची सुईसारखी पाने कालवून भोके बुजवू लागली. त्यांचे गाणे आता हळू आवाजात चालले होते. मला त्यातले काही कळले नाही, आणि तरीही आयुष्यभर पुरेल इतकी कृतज्ञता वाटली.

संध्याकाळी दगड पुन्हा तापले. अमालिया आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिची चोळी दुधाने भिजलेली होती. अमालिया रडली, व्हर्लिन तिच्यापेक्षा मोठ्याने रडला! मग नानने त्यालाही आत घातले आणि रिवाजाप्रमाणे ओल्या पाल्याने बडवून काढले. तो उकडलेल्या बिटासारखा बाहेर आला.

"आता पडला उजेड!" नान म्हणाली.

त्या निळ्या खिडक्या त्याने जाण्याआधी आमच्या स्वयंपाकघराला बसवून दिल्या. आता सकाळचा प्रकाश उंबऱ्यावर थांबत नाही. तो थेट अमालियाच्या मांडीवर येतो आणि बाळासोबत दूध पीत बसतो.

निरोपाच्या वेळी व्हर्लिनने मला मिठीत घेतले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटले, "पुढच्या वर्षी आम्ही दुभाषी घेऊन येऊ." इंग्रजीतले एक अख्खे वाक्य मला पहिल्यांदाच पूर्ण कळले!

गाडी वळणाआड गेली. नानने मला कोपराने ढोसले. "काय म्हणाला रे?"

मी डोंगराकडे पाहिले. कान तापले होते.

"मला इंग्रजी येत नाही, नान."