भाकरीमापक

पिंगळीकर साहेब भाकरी खाण्याआधी तिची उंची मोजत. भाकरी टम्म फुगली की हे चुलीपुढे गुडघे टेकून शेजारी फूटपट्टी उभी धरत आणि मागे न बघता ओरडत, "दर्ज करा!"

दर्ज करायला मी असे. परभणीजवळच्या सरकारी जोंधळा फार्मवर मी भांडारपाल होतो. फावडी, पोती, भिंगं यांच्या याद्या ठेवणं माझं काम. भाकऱ्या त्यात बसत नव्हत्या, पण त्या धुरात दुसरं कुणी थांबायला तयार नसे.

साहेब हैदराबादेत शिकलेले, सगळं शास्त्र उर्दूतून. निजामाचं राज्य गेलं, पुढे आम्ही मुंबई राज्यात गेलो, साहेबांची उर्दू मात्र जागेवरच राहिली. ओलाव्याला ते रुतूबत म्हणत आणि कुठलीही गोष्ट 'बाकायदा', म्हणजे रीतसर, झाल्याशिवाय मानत नसत. खरं तर त्यांना तारे बघायचे होते. नोकरी मिळाली जोंधळ्यात. "तिकडे मान वर करून दुखली असती, इकडे खाली घालून दुखते," असं ते सांगत. "फरक तेवढाच."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकरी उतारा कुणीही मोजेल; पण लोक जोंधळा खातात भाकरी करून, तेव्हा भाकरी मोजली पाहिजे. त्यासाठी दर वेळी तेच हात आणि तेच तोंड हवं, नाहीतर माप बदलतं. ते हात आणि तोंड त्यांना पेडगावच्या रखमाबाईत सापडले. बाई शेळ्या राखायची आणि रोजानं फार्मवर यायची.

"आज फूटपट्टी लावायलेत, उद्या भाकरीला झंपर शिवताल का, साहेब?" ती विचारी.

"गप बसा, मावशी. यंत्र बोलत नसतं."

हे थट्टेत होतं असं मी धरून चाललो होतो. मग वरून पत्र आलं: फार्मवरील सर्व उपकरणांची यादी पाठवावी. मी लिहिलं, तराजू दोन, भिंगं तीन, पर्जन्यमापक एक. साहेबांनी खाली स्वतःच्या हातानं भर घातली: 'भाकरीमापक एक. स्थिती चांगली. दात दोन कमी.'

"साहेब, जिवंत माणूस यादीत घालता येत नाही."

"मग माझं आठ वर्षांचं काम कुणाच्या जिवावर चाललंय?"

यादी तशीच गेली. महिन्याभरात तपासणीचे अधिकारी आले. पर्जन्यमापक पाहून झाल्यावर म्हणाले, "आता ते भाकरीमापक दाखवा."

"शेळ्या चारायला गेलंय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

अधिकारी हसले नाहीत. ते मुख्यतः आले होते सत्तेचाळीस नंबरसाठी. आठ हंगाम एकेक कणीस निवडून साहेबांनी हा वाण तयार केला होता. उतारा भरघोस होता. आजवर सगळा दाणा बियाण्यालाच जाई; त्याची भाकरी अजून झाली नव्हती. मंजूर झाला तर बी गावोगाव जाणार होतं आणि साहेबांची हंगामी नोकरी कायम होणार होती.

रखमाबाईला बोलावणं गेलं. तिनं शेळ्या कचेरीच्या ओसरीला बांधल्या आणि पीठ मळलं. भाकरी अशी फुगली की साहेबांनी फूटपट्टी दोनदा लावून पाहिली. अधिकाऱ्यांनी गरम घास घेतला. "उत्तम! मंजूर." त्यांनी पेन उघडलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "बाकायदा गार होऊ द्या."

"कशाला?"

उत्तर यंत्रानं दिलं. "रानात गरम कोन खायलंय, साहेब? फडक्यात बांधून न्यायची, दुपारी सोडायची."

भाकरी फडक्यात गेली. अधिकारी दुपारपर्यंत शेळ्यांच्या संगतीत बसले; एका शेळीनं त्यांचा तपासणीचा कोरा फॉर्म खाल्ला. मग फडकं सुटलं. रखमाबाईनं तुकडा मोडायला घेतला. तो मोडेना, ताणला गेला. तोंडात टाकून ती चावत राहिली. साहेबांकडे पाहिलं, पुन्हा चावत राहिली.

"बरी हाय की," ती म्हणाली. "चालती."

"मावशी, खरं सांगा."

"खरंच सांगायले." मग आवाज खाली आणून, "आठ वर्सं झाली, साहेब. म्हना की चांगली! काय बिघडतंय?"

"यंत्रच खोटं बोलायला लागलं तर मी मोजू कशानं?"

तिनं कसाबसा घास गिळला आणि पदर तोंडाला लावला. "वातट हाय. निस्ता चामड्याचा तुकडा. म्हाताऱ्या मानसाला चावायची न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच ओरडले नाहीत. "दर्ज करा," एवढंच म्हणाले.

अधिकारी दुपारच्या गाडीनं परत गेले. नापास वाणाचं धान्य बैलांच्या चंदीला लावायचा नियम होता. त्या कागदावर सही घ्यायला दिवेलागणीला मी साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. एकटा माणूस, एक खाट, एक कंदील. समोर ताटात सत्तेचाळीस नंबरच्या, सकाळच्या उरलेल्या भाकऱ्या. साहेब सही करायच्या ऐवजी म्हणाले, "बसा. एकट्याला संपत नाही."

मी बसलो.

"उद्यापासून हिला बैल खातील," ते म्हणाले. "एका तरी माणसानं जेवण म्हणून खावी. चव बघायला नको, नुसती खा."

मी खाल्ली. जबडा दुखून आला. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, पण हातात फूटपट्टी नव्हती, कागद नव्हता.

"फुगते मात्र टम्म," ते म्हणाले.

मी दुसरी मागितली.