वसंतअण्णांचा मनस्ताप

नारळ कुजका निघाला तर माणूस काय करतो? बदलून घेतो. आमचे शेजारी वसंतअण्णा बदललेला नारळ पिशवीत टाकतात आणि शांतपणे विचारतात, "नारळाचं झालं. मनस्तापाचं काय?" मग दुकानदार मुकाट्याने वर एक छोटा नारळ देतो. तो दुकानदार मी.

मी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात आलेला माणूस. जे मिळवलं ते घासाघीस करून, घसा फोडून. आणि हे गृहस्थ आवाजही न चढवता वाणी, गवळी, गॅसवाला, सगळ्यांकडून मनस्ताप वसूल करतात. मी जळतो. खोटं कशाला सांगू?

त्यांच्या एकसष्टीला नाक्यावर फ्लेक्स लागणार होता. ऑर्डर त्यांची स्वतःचीच. खाली मात्र 'शुभेच्छुक: मित्रपरिवार'. फ्लेक्सवाल्याने फोटोंची अदलाबदल केली. भलत्याच मयताला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि अण्णांना भावपूर्ण श्रद्धांजली. दुपारपर्यंत त्यांच्या अंगणात ही गर्दी! मी दुकान बंद करून धावलो, तर अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकातच, मासळीवाली पदराने डोळे पुसत होती. "असा देवमाणूस परत व्हायचा नाय." देवमाणूस आत ओटीवर चहा पीत बसला होता. माझ्या दाराशी यातले किती जण येतील, हाच विचार करत मी घरी आलो. जेवण गेलं नाही.

अण्णांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. सुनावणीला मी मुद्दाम गेलो. एकदा तरी त्यांना हरलेलं बघायचं होतं. फ्लेक्सवाल्याचा वकील म्हणाला, जिवंतपणी एवढी माया बघायला मिळाली, यात मानसिक त्रास कसला? उलट यांनीच आमच्या अशिलाचे आभार मानावेत. लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

अण्णा उभे राहिले.

"माझा धाकटा भाऊ पूर्णगडला असतो. बागेची वाटणी झाल्यापासून बोलत नाही. त्या दिवशी आला. रस्त्यापासून 'दादा, दादा' करत, रडत आला. मला बसलेला बघितलं, डोळे पुसले, आणि पाणीही न घेता माघारी गेला. मेलो असतो, तर थांबला असता."



परतताना रिक्षात मी विचारलं, "अण्णा, पूर्णगडला मी जाऊन येऊ?"

ते रिक्षाबाहेर बघत म्हणाले,

"जा. पण आवाज चढवू नका हो. तो लहानपणापासून भित्रा आहे."