बॉम्ब नसलेल्या खोलीतले सोळाशे ग्रॅम

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आडबंदर येथील बॉम्ब नसलेल्या खोलीत आंतरराष्ट्रीय तपासणी पथकाला सोळाशे ग्रॅम अघोषित साठा सापडला. साठा गरम होता आणि रडत होता.

आपल्या देशाकडे बॉम्ब नाही. तो नाही हे जगाला केव्हाही तपासता यावं, म्हणून करारानुसार ही खोली बांधलेली आहे. कॅमेऱ्याला रिकामी जागा स्पष्ट दिसावी म्हणून तिथे चार मोठे दिवे अखंड जळतात. शांततेसाठी उभारलेल्या आडबंदर अणुप्रकल्पाची सगळी वीज या दिव्यांनाच लागते. गावात भारनियमन असतं. खोलीला कुलूप नव्हतं. आत चोरण्यासारखं काही नाही, हे करारातच लिहिलं आहे.

"ठेवलं कोणी हे?" मंत्रालयाचे सहसचिव केळुसकर यांनी विचारलं.

"मी," आरोग्य केंद्राच्या भोईर सिस्टर म्हणाल्या. "सातव्या महिन्यात झालेली मुलगी आहे. केंद्रातली ऊब द्यायची पेटी विजेअभावी बंद. ऊब गावात इथेच होती, इथे आणली."

"बाई, देशाची पन्नास वर्षांची भूमिका मोडलीत तुम्ही."

"पोर निळं पडत होतं, साहेब. भूमिका बसा नंतर सांधत."

साठा दिवसाला पंचवीस ग्रॅमने वाढू लागला. पथकाच्या अहवालात 'प्रसार' हा शब्द आला. शेजारी देशाने समतोल राखण्यासाठी त्यांच्याकडच्या अशाच खोलीत दोन किलोंचा मुलगा ठेवला. मुलगी पूर्णपणे शांततामय हेतूनेच वाढत आहे, असं निवेदन केळुसकरांनी काढलं. मुलीची आई प्रमिला तांडेल दिवसातून आठ वेळा दूध पाजायला येई. तिची नोंद 'इंधनपुरवठा' अशी झाली.

"साठा शून्यावर आणा," पथकप्रमुख म्हणाला.

"अडीच किलोंची होईपर्यंत हलणार नाही ती," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या देशात किती आहेत हो?"

"मुली?"

"बॉम्ब."

"आमचे मोजायचे नसतात. ते कराराच्या आधीपासून आहेत."

छत्तिसाव्या दिवशी काटा अडीच किलोंवर गेला. केळुसकरांनी प्रमिलापुढे अर्ज ठेवला. "साठ्याचा वापर फक्त शांततेसाठी करीन, असं लिहायचं. मग घेऊन जा."

"शांतता खंयची, साहेबानू? ही रडाक लागली की शेजारी दारा लावन घेतत. खोटा कशाक लिवू?"

"अहो, लिहा. आम्ही दरवर्षी लिहितो."

प्रमिलाने सही केली आणि मुलीला घेऊन ती घरी गेली. पथकाने साठा शून्य असल्याची नोंद केली. जिनिव्हातल्या परिषदेत देशाच्या संयमाचं कौतुक झालं. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी बॉम्ब नसलेल्या खोलीला कुलूप लावण्यात आलं. आत चारही दिवे चालू आहेत.

गेल्या मंगळवारी केंद्रात आणखी एक बाई सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा, चौदाशे ग्रॅम. सिस्टरनी त्याला छातीशी बांधलं आणि मंत्रालयाला फोन लावून खोलीची किल्ली कुणाकडे आहे, एवढंच विचारलं.

आज शनिवार आहे. मुलगा अजून सिस्टरच्या छातीशीच आहे. किल्ली कुणाकडे आहे, हे मंत्रालयाने अजून सांगितलेलं नाही.